नाशिकहून लांबच्या पल्ल्यावर कोंबड्या सुखरूप कशा न्याव्यात

लांबच्या प्रवासात कोंबड्या दगावतात त्या बहुतेक वेळा गाडी उभी असताना. चालत्या गाडीत क्रेटच्या जाळीतून वारा खेळत राहतो आणि पक्ष्यांच्या अंगातून निघणारी उष्ण, दमट हवा बाहेर निघून जाते. गाडी नाशिकच्या द्वारका चौकातील कोंडीत, टोलनाक्याच्या रांगेत किंवा चालकाच्या जेवणासाठी ढाब्यासमोर उन्हात उभी राहिली की तीच हवा जागच्या जागी कोंडते, आणि मधल्या क्रेटमधील पक्षी थोड्याच वेळात संकटात सापडतात. म्हणून किती किलोमीटर जायचे या प्रश्नाआधी गाडी कुठे, किती वेळ आणि कोणत्या हवेत थांबण्याची शक्यता आहे, याचा विचार करावा.

पुढील माहिती नाशिक जिल्ह्यातून पन्नास ते दीडशे गावरान, कावेरी किंवा तत्सम जातींच्या कोंबड्या, अथवा अंड्यावर येण्याच्या बेतातील तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पिकअपसारख्या गाडीतून मराठवाडा, विदर्भ, कोकण किंवा गुजरातकडे नेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. मोठ्या ब्रॉयलर कंपन्यांची उचल वेगळ्या यंत्रणेने चालते. पक्ष्याचे शरीर मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातील उष्णता कमी करण्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते, म्हणजे श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडते. दोन किलोंचा पक्षी नुसता बसून असला तरी साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे शंभर पक्षी भरलेल्या गाडीत एक किलोवॅटचा हीटर अखंड चालू असल्यासारखी स्थिती असते. हवा कोरडी असेल तर धापा टाकण्याचा उपयोग होतो, हवा दमट असेल तर तो झपाट्याने कमी होतो. नाशिकच्या कोरड्या उन्हात जी कोंबडी काही काळ तग धरते, ती कसारा घाट उतरून शहापूर-भिवंडीच्या दमट पट्ट्यात पोहोचल्यावर त्याहून कमी तापमानातही मान टाकते, त्याचे कारण हेच आहे. त्यामुळे कोकणाकडे जाताना केवळ मोबाईलवर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नये.

प्रवासाची वेळ रात्रीचीच ठेवावी. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती बसून राहते, भांडत नाही आणि धडपडत नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर भरणी करून आठ-नऊच्या सुमारास निघाले आणि पहाटे मुक्कामाला पोहोचले, तर सर्वांत कठीण काळ टळतो. मार्च ते मे या महिन्यांत विदर्भाकडे पक्षी न्यायचे असतील, तर माझ्या मते तो सौदाच पावसाळा स्थिरावेपर्यंत पुढे ढकलावा. चंद्रपूर-नागपूरकडे रात्रीही उकाडा फारसा उतरत नाही आणि तिथे पोहोचल्यावर शेडमध्ये काय वाढून ठेवले आहे, हे आपल्या हातात नसते. आषाढात, आखाडाच्या मागणीमुळे, सगळ्यांचीच घाई असते. पण त्या दिवसांत पाऊस आणि दमट हवा एकत्र येतात. पाऊस लागला म्हणून गाडी ताडपत्रीने चारही बाजूंनी घट्ट आवळली जाते आणि आतल्या पक्ष्यांचा जीव गुदमरतो.

थंडीचा विचार नाशिककरांना वेगळा सांगण्याची गरज नसावी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक अंकी होतो, आणि अशा पहाटे उघड्या पिकअपमधून ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या कोंबडीला लागणारा वारा त्याहूनही बोचरा असतो. पिसे ओली असतील तर तिची ऊब राखण्याची ताकदच जाते. म्हणून हिवाळ्यात पक्षी कोरडे ठेवणे ही पहिली गोष्ट आणि समोरून येणारा वारा अडवणे ही दुसरी.

रस्त्याची निवड याच हिशेबाने करावी. मुंबईकडे जाताना जुन्या महामार्गावर कसारा घाट आणि पुढे भिवंडीची कोंडी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळून खाली उतरता येते. नागपूरकडे जाणाऱ्यांनाही सिन्नर तालुक्यातून समृद्धी गाठणे सोयीचे आहे, कारण तिथे सिग्नल, गावे आणि बाजार आडवे येत नाहीत. मात्र डिझेल, हवा आणि पाणी या गोष्टी वर चढण्याआधीच पाहून घ्याव्यात. सुरतकडे जाताना वणीवरून सापुताऱ्याचा घाट लागतो. तिथे थांबण्याचा धोका कमी, पण वळणांवर क्रेट सरकण्याचा जास्त, म्हणून दोर दुप्पट आवळावा. धुळ्याकडे निघणाऱ्यांनी पिंपळगाव बसवंत परिसरात सकाळी कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकू नये. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर, किंवा सिंहस्थातील पर्वणीच्या दिवशी शहराच्या आसपास, पक्ष्यांची गाडी काढूच नये.

आता कायद्याकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली प्राणी वाहतुकीचे नियम १९७८ मध्ये झाले आणि २००१ च्या दुरुस्तीने त्यांत कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले. पक्षी निरोगी असून प्रवासास योग्य आहेत, असे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र या नियमांनुसार लागते. एका क्रेटमध्ये एकाच वयोगटाचे पक्षी ठेवावेत, नर आणि मादी एकत्र भरू नयेत, ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा थेट झोत लागू देऊ नये, उष्ण हवेत दर सहा तासांनी पाणी द्यावे, आणि प्रत्येक क्रेटवर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहावा, असेही त्यांत सांगितले आहे. तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना कोंबड्यांची वाहतूक करू नये, ही अट वाचून अनेकजण हसतात. परंतु रात्रीच्या प्रवासाचा आणि हंगामाच्या निवडीचा आग्रह याच अटीतून येतो, आणि जो ती शक्य तितकी पाळतो त्याची मरतूक कमी असते.

प्रमाणपत्रासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निघण्याच्या आदल्या दिवशी जावे आणि लसीकरणाची नोंदवही सोबत न्यावी. खरेदीची पावतीही गाडीत असावी. पक्षी परराज्यात न्यायचे असतील, तर तिकडे बर्ड फ्लूमुळे काही निर्बंध आहेत का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला होता आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. नवापूर धुळे-सुरत महामार्गावरच आहे. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवती १० किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रात पक्ष्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात, आणि माहिती न घेता निघालेली गाडी भरल्या पक्ष्यांसह नाक्यावर तिष्ठत राहते.

क्रेट किती लागतील याचा हिशेब अंदाजाने करू नये. नियमांनुसार मोठ्या कोंबडीला किमान ४८०, तीन महिन्यांच्या पक्ष्याला २३० आणि महिन्याच्या पिल्लाला ७५ चौरस सेंटीमीटर जागा लागते. समजा क्रेटचा तळ ९० बाय ६० सेंटीमीटर आहे. म्हणजे ५४०० चौरस सेंटीमीटर, भागिले ४८०, उत्तर सव्वाअकराच्या आसपास. त्यात अकरा मोठ्या कोंबड्या बसतील, बारावी बसणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर याहूनही दोन कमी भराव्यात. उलट पाच-सहाच पक्षी मोठ्या क्रेटमध्ये सोडले तर ब्रेक लागताच ते एका कोपऱ्यात आपटतात, म्हणून जागा फार मोकळी असणेही हिताचे नाही. कमी पक्षी न्यायचे असल्यास क्रेटमध्ये पुठ्ठ्याचा किंवा फळीचा आडोसा घालून जागा आटोपशीर करावी.

क्रेट एकावर एक रचू नयेत, असे नियम सांगतो, आणि त्यामागे कारण आहे: वरच्या पक्ष्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर पडते आणि मधल्या थरातील हवा कोंडते. साध्या पिकअपच्या हौद्यात वरील मापाचे सुमारे आठ क्रेट एका थरात बसतात, म्हणजे नव्वदच्या आत कोंबड्या. जास्त न्यायच्या असतील तर लोखंडी अँगलची मांडणी करून घ्यावी, जिच्यात प्रत्येक क्रेट स्वतःच्या आधारावर राहील, दोन थरांमध्ये किमान वीतभर मोकळी जागा असेल आणि वरच्या थराखाली पत्र्याचा ट्रे असेल. एका हंगामात दोन-तीनदा माल नेणाऱ्याला हा खर्च परवडतो. एकदाच जाणाऱ्याने सरळ कमी पक्षी न्यावेत.

क्रेटच्या तळाशी तूस किंवा कोरडे गवत अंथरावे. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचे तूस सहज मिळते आणि ते ओल शोषते. नुसत्या प्लास्टिकच्या जाळीवर पक्षी घसरत राहतात, त्यांचे पंजे जाळीत अडकून बोटे मोडतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र अंथरू नये. तो ओला झाला की बर्फासारखा निसरडा होतो.

निघण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत पक्षी निवडून घ्यावेत. सर्दी झालेली, डोळ्यांत पाणी आलेली, हिरवट किंवा पांढरी पातळ विष्ठा टाकणारी, लंगडणारी किंवा पिसे गाळत असलेली कोंबडी मागे ठेवावी. नुकतीच लस टोचलेले पक्षीही लगेच प्रवासाला काढू नयेत. आठवडाभर जाऊ द्यावा. तलंगा न्यायच्या असतील तर अंडी सुरू होण्याआधी, म्हणजे सोळा-सतरा आठवड्यांच्या वयात, नेणे उत्तम. अंड्यावर असलेली कोंबडी प्रवासाच्या ताणाने काही दिवस ते काही आठवडे अंडी बंद करते, आणि घेणारा मात्र पाठवणाऱ्याने फसवले असे समजतो.

खाद्य भरणीच्या चार ते सहा तास आधी काढून घ्यावे, जेणेकरून अन्नाची पिशवी रिकामी होईल. भरल्या पिशवीने गाडीत बसलेला पक्षी अन्न उलटे आणतो, आणि पचनक्रियेतून निर्माण होणारी उष्णताही वाढते. पाणी मात्र पकडायला सुरुवात होईपर्यंत समोर असावे. उन्हाळ्यात त्यात इलेक्ट्रोलाइट मिसळावे. प्रवास बारा तासांपेक्षा लांब असेल तर नियमांना धरून क्रेटला लावलेल्या भांड्यात थोडे खाद्यही सोबत ठेवावे.

पकडण्याच्या कामात घाई करणाऱ्याचे नुकसान तिथल्या तिथे दिसत नाही, ते दुसऱ्या दिवशी दिसते: निखळलेला पंख, सुजलेली मांडी, काळानिळा पडलेला खुबा. शेडमधील दिवे मालवून एकच मंद, शक्यतो निळा, दिवा ठेवावा. पक्ष्याच्या मागून दोन्ही हात आणून दोन्ही पंख अंगाशी दाबावेत, उचलून छाती आपल्या पोटाशी टेकवावी आणि क्षणभर थांबावे. पायांची झटापट थांबून पक्षी सैल पडला की त्याला क्रेटमध्ये आधी पाय टेकवून सोडावे, डोके आत गेले का ते पाहावे आणि मगच झाकण सरकवावे. झाकणात अडकलेले पिसांचे टोक किंवा मान अंधारात दिसत नाही, म्हणून प्रत्येक झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवावे. एका पायाला धरून उचलणे, दोन-चार कोंबड्यांचे पाय एकत्र बांधणे आणि मोटारसायकलच्या हँडलला उलट्या टांगणे हे गावोगावी रोज दिसते, पण ते बेकायदा तर आहेच, शिवाय कोंबडीच्या शरीररचनेलाही ते सोसत नाही. आपल्याप्रमाणे तिच्या छातीपोटाच्या मध्ये श्वासपटल नसते; उलटे लटकवल्यावर आतड्यांचा आणि यकृताचा भार थेट हवेच्या पिशव्यांवर येतो आणि तिला श्वास घेणे अवघड होते.

गाडीत क्रेट लावताना चालकाच्या केबिनला चिकटवू नयेत. केबिन समोरचा वारा अडवते आणि तिच्या मागची जागा बहुधा सर्वांत कोंदट राहते. तिथे हातभर अंतर सोडावे. क्रेटच्या रांगांमध्येही चार बोटांची फट असावी आणि ती प्रवासभर टिकावी म्हणून मध्ये लाकडी ठोकळे घालावेत. ताडपत्री फक्त वरून आणि समोरून घ्यावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. हिवाळ्यात किंवा पावसात बाजूला गोणपाट सोडावे, कारण त्यातून पाणी अडते पण हवा येत राहते. ताडपत्री आणि वरच्या क्रेटमध्ये वीतभर अंतर नसेल तर उन्हात तापलेल्या ताडपत्रीची आच थेट पक्ष्यांच्या डोक्यावर येते. सर्वांत मधल्या क्रेटमध्ये, पक्ष्यांच्या उंचीवर, तार असलेल्या डिजिटल थर्मामीटरचे टोक बांधावे आणि त्याचा आकडा केबिनमध्ये दिसेल अशी सोय करावी. बाजारात हे थर्मामीटर स्वस्तात मिळते. एका मेलेल्या कोंबडीच्या किमतीत ते येते.

भरणीला हात लावण्याआधी गाडीत डिझेल भरलेले, टायरची हवा आणि स्टेपनी पाहिलेली, फास्टॅगमध्ये पैसे टाकलेले आणि चालकाचे जेवण झालेले असावे. हे सगळे पक्षी भरल्यावर करणाऱ्याची गाडी पहिला तासभर गावातच उभी असते. सोबत दुसरा माणूस हवाच. शेवटचा क्रेट चढला की पाच मिनिटांत गाडी हलली पाहिजे.

रस्त्यात दोन ते तीन तासांनी एकदा थांबावे, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. दिवस असेल तर सावलीत, आणि गाडीची लांब बाजू वाऱ्याकडे करून. या थांब्यावर बाहेरच्या क्रेटकडे पाहून समाधान मानू नये, कारण तिथले पक्षी नेहमीच बरे दिसतात. मधल्या क्रेटमध्ये हात घालावा. पक्ष्यांमधील हवा हाताला ओलसर आणि गरम लागली, चोची उघड्या असल्या, माना पुढे ताणलेल्या आणि पंख अंगापासून सुटलेले असले, तर गाडी उभी ठेवण्यात अर्थ नाही. ताडपत्री मागे सारून लगेच निघावे, वाऱ्यानेच पक्षी सावरतात. थांबणे अपरिहार्य असेल, म्हणजे गाडी बिघडली किंवा पुढे अपघात झाला असेल, तर क्रेट उतरवून रस्त्याकडेच्या झाडाखाली अंतर ठेवून मांडावेत. पक्ष्यांवर बादलीने पाणी ओतू नये. हवा कोंडलेली असताना त्या पाण्याची वाफ होऊन दमटपणा वाढतो आणि स्थिती बिघडते. याउलट पक्षी एकमेकांना चिकटून, पिसे फुलवून, मान आत ओढून बसलेले दिसले तर त्यांना थंडी वाजते आहे. वाऱ्याच्या बाजूचे गोणपाट खाली सोडावे.

चालत्या गाडीत पाण्याची भांडी सांडतात आणि तूस भिजवतात. थांब्यावर क्रेटला अडकवण्याचे छोटे वाडगे भरून द्यावेत आणि निघताना काढून घ्यावेत. थोडेच पक्षी असतील तर काकडीचे किंवा टरबुजाचे तुकडे टाकणे हा सोपा उपाय आहे. पक्षी ते टोचून खातात आणि काही सांडत नाही.

एक दिवसाच्या पिल्लांचे गणित वेगळे आहे. पोटात राहिलेल्या पिवळ्या बलकावर ती दोन दिवस खाद्य-पाण्याविना निभावतात, म्हणून त्यांना वाटेत काही द्यायचे नसते. नियमही तेच सांगतो. ६० बाय ४५ सेंटीमीटरच्या, भोके असलेल्या पेटीत ८० पिल्ले बसतात. पेटीच्या आतील हवा तीस-बत्तीस अंशांच्या आसपास असावी, म्हणजे मोठ्या कोंबड्यांना जी हवा सुखाची ती पिल्लांना गारठवणारी असते. पिल्ले केबिनमध्ये किंवा बंद गाडीत न्यावीत आणि एसीचा झोत पेटीवर येऊ देऊ नये. आवाजाकडे लक्ष असावे: पिल्लांची मंद चिवचिव ठीक, एकसुरी मोठा कलकलाट म्हणजे थंडी, आणि अचानक शांतता म्हणजे बहुधा उकाडा. पोहोचल्यावर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, आधीच तापलेला हवा, आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडावी.

मुक्कामी पोहोचल्यावर क्रेट लगेच उतरवावेत. गाडी अंगणात उभी ठेवून चहा घेऊ नये. शेडमध्ये आधी पाणी द्यावे, त्यात गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट घालावे, आणि तासाभराने हलके, नेहमीच्या निम्मे खाद्य द्यावे. उपाशी पक्ष्याला आधी खाद्य दिले तर तो अधाशासारखा खाऊन तुंबतो. जंताचे औषध किंवा लस त्या आठवड्यात देऊ नये. पहिल्या दिवशी खाद्य पाठवणाऱ्याकडचेच असावे, म्हणून निघताना एक गोणी सोबत आणणे शहाणपणाचे. वाटेत मेलेला पक्षी रस्त्याकडेला टाकू नये. पिशवीत बांधून आणावा आणि चुना घालून खोल पुरावा. एकाच वेळी बरेच पक्षी मेले, किंवा पोहोचल्यावर मरत राहिले, तर पुरण्याआधी पशुवैद्यकाला कळवावे.

क्रेट आणि हौदा आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवावेत आणि मग जंतुनाशक फवारावे, कारण विष्ठेच्या थरावर फवारलेले जंतुनाशक निष्प्रभ ठरते. धुतलेले क्रेट कडक उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय परतीचा माल त्यांत भरू नये. नवे पक्षी जुन्या कळपात किमान तीन आठवडे मिसळू नयेत. त्यांचे शेड, भांडी आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात, आणि सांभाळणारा माणूस एकच असेल तर त्याने रोज आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग नव्यांकडे जावे.